पारोशी

आमच्या घरात "पाणी तापलंय" असं कुणी म्हणायचं नाही. आंघोळीचं पाणी झालं की वहिनी मोरीतून हाक मारायची, "बंब झाला." चहाचं पाणी उकळायचं, भाताचं आधण यायचं, पण तापलेलं पाणी आमच्या रोह्याच्या घरी एकच, आणि ते नेहमी दुसऱ्याच्या घरचं. कुणाकडे बाईमाणूस गेलं की त्या घरचा कुणीतरी आमच्या पडवीखाली येऊन उभा राहायचा. चपला काढायचा नाही, वर यायचा नाही. आत बघून म्हणायचा, "आक्का, पाणी तापलंय." गेली, वारली, असं काही नाही, एवढंच. मग आई हातातलं काम टाकून उठायची. लग्न होऊन मी पेणला आले तेव्हा पहिल्याच सकाळी नवरा मोठ्या कौतुकाने म्हणाला, "पाणी तापलंय, जा." माझ्या हातून कपबशी पडली. त्या बिचाऱ्याला वाटलं, बायको वेंधळी मिळाली.

आई गावातल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायची. हे काम तिच्याकडे आलं ते असं, की तिची सासू तापाने गेली तेव्हा भीतीने शेजारपाजारचं कुणी पुढे येईना. हिने पदर खोचला. आणि एकदा पदर खोचलेल्या बाईला आपल्याकडे तो पुन्हा कुणी सोडू देत नाही. नदीच्या अलीकडच्या आळ्यांतून, पलीकडच्या अष्टमी गावातून, डोंगराच्या अंगाच्या आदिवासी वाडीतूनही तिला बोलावणं यायचं आणि ती जायची. वाडीवर जाते म्हणून आमच्यातल्या काही जणी नाकं मुरडायच्या. आई म्हणायची, "मेलेल्या बायची जात मला अजून तरी अंगावर लिवलेली दिसली नाय." जाताना स्वतःचा तांब्या आणि एक धुवट पंचा घ्यायची. त्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. परत येताना पुढच्या दाराने न येता मागून यायची, लुगड्यासकट डोक्यावरून गार पाणी घ्यायची, देवापुढे दिवा लावायची आणि मग पिठलं-भात रांधून त्या दुःखाच्या घरी पाठवायची. त्यामुळे आमच्याकडे पिठलं आवडीने कुणी खाल्लं नाही. मला अजूनही त्या फोडणीच्या वासाने भूक लागत नाही, उलट कोण गेलं ते आठवायला होतं.

वडील शाळामास्तर होते, ते मी लहान असतानाच गेले. थोडी भाताची जमीन होती ती अर्धेलीने लावलेली. दादा धाटावला कंपनीत लागलेला होता, त्यामुळे घराचं वेळापत्रक त्याच्या शिफ्टवर चालायचं. कंपनीचा भोंगा झाला की आई कुकरची शिटी मोजायची सोडून तिकडे कान द्यायची, कारण भोंगा अवेळी झाला तर काहीतरी घडलेलं असायचं. वारा फिरला की कंपनीचा वास थेट देवघरात यायचा, आणि उदबत्ती लावून तो जायचा नाही. "देवाला पण सवय झाली असेल," वहिनी म्हणायची. आईची भक्ती मोठी होती, पण मऊ नव्हती. गुरुवारी दत्ताची आरती, एकवेळ जेवण, गावदेवाच्या पालखीला अनवाणी चालणं, हे सगळं ती करायची आणि मध्येच देवाला झापायचीही. एखादी बाळंतीण गेली, तिला न्हाऊ घालून आली, की दिवा लावताना स्पष्ट म्हणायची, "हे काय बरं केलं नायस हां." मग गुडघ्यावर हात ठेवून उठायची आणि बेसन कालवायला लागायची.

स्वतः पारोशी ती एक दिवस राहिली नाही. ताप असो, पूर असो, आंघोळ झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. पारोसं माणूस अर्धं असतं, असं तिचं म्हणणं. आणि जिवंतपणी अर्धं राहिलं तर संध्याकाळी तरी आंघोळ करता येते, मेलेल्याला ती सोय नाही, म्हणून शेवटची आंघोळ चुकता कामा नये. जी पारोशी गेली ती पुढे जात नाही, वाटेत अडून राहते, ही तिची पक्की श्रद्धा होती. विधवा असल्यामुळे ती कपाळाला मात्र हात लावायची नाही. गेलेली बाई सवाष्ण असली तर मळवट भरायला, हिरवं लुगडं नेसवायला वहिनी बरोबर जायची. ह्या नियमाचा मला तेव्हाही राग यायचा, आईला येत नव्हता.

दुसरा नियम तिचा स्वतःचा होता. "ज्या अंगावर आपण पाणी घातलं, त्या अंगाचं बाहेर बोलायचं नाय." मेलेल्या बाईच्या अंगावर तिचा सगळा संसार लिहिलेला असतो. कुणाचे चटके, कुणाचे वळ, कुणाचं लपवलेलं दुखणं. आई ते सगळं बघायची आणि गिळायची. एकदा शेजारच्या काकूंनी एका बाईबद्दल फार चौकशी केली, तेव्हा आई म्हणाली, "तुम्हाला पण मीच न्हाऊ घालनार हाय. तुमचं कुणाला सांगू?" काकू उठून गेल्या. ह्याच एका गोष्टीमुळे गाव तिला निर्धास्त बोलवायचं. मोठमोठ्या घरांतून तर आधी तिला. आक्का म्हणजे बंद पेटी.

अशाच एका मोठ्या घरात माझं लग्न ठरलं होतं. पुलापलीकडे अष्टमीत त्यांचं दुमजली घर, भाताची गिरण, दोन मुलगे. धाकटा श्रीकांत, त्याच्याशी माझा साखरपुडा झाला होता. बोलायला गोड, हसायला बरा, मला आवडला होता आणि त्यात लाजण्यासारखं मला आजही काही वाटत नाही. बाप नसलेल्या मुलीला असं स्थळ मिळालं म्हणून दादाने तर पेढे दोनदा वाटले. थोरल्या मुलाची बायको रेखा, कासू गावची. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असेल. साखरपुड्याला तिने माझ्या वेणीत गजरा माळला आणि माळता माळता कानाशी म्हणाली, "त्याला मुंबैत नोकरी बघायला सांग गो. हितं नको राहू." मला वाटलं, हिला स्वयंपाकघरात वाटेकरीण नको आहे.

गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी वालाचं बिरडं सोलत आम्ही तिघी पडवीत बसलो होतो. वाल सोलताना आई बोलायची नाही, बोटांनी सालं उडवत राहायची. गिरणीतला माणूस सायकल टेकवून खाली उभा राहिला.

"आक्का, पाणी तापलंय."

"कुणाकडं?"

"तुमच्या व्याह्यांकडंच. अष्टमीला."

"माई?" आईने विचारलं. माई म्हणजे माझी होणारी सासू.

"नाय. सूनबाय. फिट आली पहाटंला, मोरीत पडल्या म्हणतात."

आईने मांडीवरची सालं झटकली. मी पण येते म्हणाले तर ती नको म्हणाली, मग म्हणाली, "चल. तुझी जाऊ व्हायची होती ती." वहिनीने कुंकवाचा करंडा घेतला. पुलावरून जाताना कुंडलिका नदी गढूळ, भरलेली वाहत होती आणि आम्ही तिघी एकामागून एक चालत होतो.

त्या घराच्या ओटीवर बायका जमल्या होत्या. रडणं बेताचंच होतं. एक म्हणाली, "नशीब काढलं, अहेव गेली." दुसरीने हात जोडले. पंचविशीच्या आतली बाई मेली होती आणि तिचा नवरा जिवंत आहे म्हणून तिचं कौतुक चाललं होतं. हे वाक्य मी नंतरही अनेकदा ऐकलं, आणि दर वेळी म्हणणारीच्या तोंडावर पाणी मारावंसं वाटलं. श्रीकांत अंगणाच्या गडग्यापाशी उभा होता, माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली. आई आणि वहिनी आत गेल्या. दार लागलं.

आत काय झालं ते वहिनीने मला नंतर सांगितलं. रेखाला पाटावर बसवून भिंतीला टेकवलं होतं आणि पदर गळ्याभोवती हनुवटीपर्यंत गुंडाळला होता. आईने तांब्या भरला, पदराचा वेढा सोडला आणि तिचे हात थांबले. गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं उठली होती. आईने तिला पुढे कलतं करून पाठ बघितली. मग पदर होता तसा नीट गुंडाळला, तांब्यातलं पाणी हळूच परत घंगाळात ओतलं आणि वहिनीला म्हणाली, "चल."

दार उघडलं तेव्हा माई समोरच होत्या.

"झालं इतक्यात?"

"नाय," आई म्हणाली. "मी पाणी घालत नाय."

ओटीवरचं रडणं थांबलं. माई म्हणाल्या, "म्हणजे काय आक्का? कुणाला नाही म्हणाला नाहीत आजवर."

"पाणी घातलं का माझं तोंड बंद व्हतं. आज मला तोंड लागनार हाय."

मला त्या क्षणी अर्थ कळला नाही, पण त्या घरातल्या माणसांना कळला. माझे होणारे सासरे खुर्चीवरून उठले. अतिशय शांतपणे म्हणाले, "आक्का, डॉक्टर येऊन गेलेत, दाखला दिलाय. तुम्ही आमच्या विहीणबाई होणार आहात. आपल्या मुलीचा विचार करा." सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. आईने मात्र बघितलं नाही.

"हिच्या आयेला कळवलंत कासूला?" तिने विचारलं.

माई ओटीवरच्या बायकांकडे वळल्या.

"कळवा," आई म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

ती सरळ पोलीस ठाण्यात गेली. दादा रात्रपाळी करून झोपला होता, तो बातमी कळल्यावर धावत आला. ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर आईशेजारी बसून तो अक्षरशः हातापाया पडला. "आई, मंदाचं लग्न आहे. तुला काय करायचंय? तू तपासनीस आहेस का?" आई म्हणाली, "न्हाऊ घातलं असतं तर गप बसले असते रे. म्हणून तर नाय घातलं." जे दिसलं ते तिने सांगितलं, अंगठा न देता सही केली. सही करायला तिला वडिलांनी शिकवलं होतं. पोलीस गेले, पंचनामा झाला, रेखाला सरकारी दवाखान्यात नेलं.

मी चिडले होते. हे लिहिताना लोक पश्चात्तापाचं काहीतरी घालतात, मी घालणार नाही. मला एकोणिसावं लागलं होतं, लग्नाची साडी आणून झाली होती, आणि आईने दोन वाक्यांत ते सगळं पुलावरून खाली टाकलं होतं. चिडायचा हक्क मला होता. घरी आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. अर्धवट सोललेले वाल तिने पुन्हा पुढ्यात ओढले, पण तिच्याने एकही सोलवला नाही. मग ती उठली, तांब्या आणि पंचा घेतला. "आता कुठे?" मी विचारलं. "बोलायचं ते बोलून झालं. आता न्हाऊ घालते पोरीला. पारोशी कशी जाऊ देऊ?" तिला एकटीला सोडवेना, म्हणून मी मागे गेले.

उन्हं उतरली होती. रेखाला दवाखान्यातून थेट नदीकाठी स्मशानात आणलं होतं, पांढऱ्या कापडात शिवून. तिथे फक्त पुरुष होते. बायकांनी स्मशानात जायची आमच्याकडे रीत नाही, पण आई तांब्या घेऊन उतरत गेली. म्हणाली, "आडोसा करा. मी पाच मिनिटांत आवरते." श्रीकांत पुढे आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाला, "आक्का, तुम्हीच नको म्हणालात ना. आता गरज नाही." आणि तिच्या वाटेत उभा राहिला. त्यांच्याकडून लग्न मोडल्याचा निरोप चार दिवसांनी आला, पण माझ्यापुरतं ते तिथेच मोडलं. मी आईचा दंड धरला. ती हलेना. चिता पेटली तरी ती तांब्या घेऊन उभी होती. आम्ही परत निघालो तेव्हा रेखाची आई पुलावर भेटली. कासूहून गाडीने आली होती. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही, धूर दिसत होता.

रेखाची आई नंतर एकदा आमच्या घरी आली. दुपारची वेळ होती. शेतात राबलेली, काटक बाई. पडवीत चढली नाही, खालीच उभी राहिली.

"सगल्या गावाच्या मढ्यांना आंघोळ घालतेस ना गो तू?" ती म्हणाली. "आनि माझ्याच पोरीला नाय?"

"नाय घातली," आई म्हणाली.

"हळद लावून दिली मी तिला ह्या गावात. आनि पारोशी गेली ती. तशीच. कुत्र्यामांजरासारखी."

"गो बाय, पाणी घातलं असतं तर मला बोलता आलं नसतं."

"मग बोललीस ना? आली का ती परत?"

आईने वर बोलावलं, पाणी पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. ती गेल्यावर आई तशीच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आणि माझा सगळा राग त्या एका दुपारी कुठल्या कुठे गेला. मी तिला आत आणून बसवलं. तिचे हात इतके गार पडले होते की मी ते माझ्या पदरात घेऊन चोळत बसले.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं तसंच झालं. खटला उभा राहिला, रेंगाळला. शवविच्छेदनाचा अहवाल मोघम आला. त्या सकाळी ओटीवर असलेल्या बायकांना काही आठवेना. वकिलाने आईला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? ती म्हणाली, नाय. पुराव्याअभावी सगळे सुटले. थोरल्याने दुसरं लग्न केलं, त्या लग्नाला अर्धं गाव जेवायला होतं. आणि आईला बोलावणं यायचं थांबलं. भांडण कुणी केलं नाही, वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही. फक्त माणूस मेलं की दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचे. जिचं तोंड एकदा उघडलं तिच्या हाती आपल्या घरची बाई कोण देणार? गुरुवारच्या आरतीला बायका येईनाशा झाल्या. वाडीवरचे लोक तेवढे येत राहिले. तिथे लपवण्याइतकी मोठी घरं नव्हती. एकदा मी आईला विचारलं, तुला वाईट वाटतं का? ती म्हणाली, "वाटतं गं. काम होतं माझं ते." गावाबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही, पण त्या वर्षात ती एकदम वाकली हे मी डोळ्यांनी बघितलं. माझं लग्न पुढे पेणच्या एका शिक्षकाशी झालं, मीही शाळेत लागले, आणि आता निवृत्त होऊन हे लिहीत बसले आहे.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी पेणहून रोह्याला जाऊन राहिले. वहिनी आणि मी मिळून तिचं करायचो. रोज सकाळी अंग पुसून घेतल्याशिवाय ती पेज घ्यायची नाही. एके दिवशी पुसताना तिने माझं मनगट धरलं.

"मंदे, मी गेले का मला पाणी घालू नका."

मला वाटलं, भ्रमात बोलते आहे. "असं कसं आई?"

"ती पोर पारोशी गेली. अडून राहिली असेल कुठंतरी. इतकी वर्षं एकटी हाय. मी न्हाऊन गेले तर सरळ पुढं जाईन, ती मला भेटायची नाय. कुणीतरी बाईमाणूस जायला हवं ना तिच्याकडं?"

मी शिकलेली बाई, मी वाद घातला. असं काही नसतं, मेल्यावर कुणी कुठे अडत नाही, तू जे केलंस ते बरोबरच केलंस. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तुला शिकवलं ते ह्यासाठीच, तुला असलं काय खरं वाटू नये म्हणून. आता मला नको शिकवू. वचन दे." मी दिलं. रडत दिलं.

ती गेली त्या सकाळी घर भरून गेलं. ज्या आळ्यांनी तिला बोलवायचं सोडलं होतं त्यांच्या सुना, नाती आल्या. जुनं काही त्यांना ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक असून चालणार होतं. आक्कांना न्हाऊ घालायचं पुण्य कुणी घ्यायचं ह्यावर हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. मागे बंब पेटला होता. मी खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "पाणी घालायचं नाही."

कुणालाच कळेना. गुरुजी म्हणाले, स्नानाशिवाय पुढचं काही होत नाही. दादा आता म्हातारा झालेला, काठी टेकत आला. "मंदे, अगं लोक काय म्हणतील? आयुष्यात एक दिवस आंघोळीवाचून राहिली नाही ती." मी दारातून हलले नाही. तिच्या कपाळाला चिकटलेले दोन पांढरे केस मला तिथून दिसत होते. एक तांब्या पाणी, फक्त एक, डोक्यावरून सोडावं असं हात म्हणत होते. तेवढ्यात वहिनी उठली. ती एकटीच होती जिने त्या दिवशी अष्टमीला दाराच्या आत उभं राहून सगळं बघितलं होतं. ती मागे गेली आणि तिने बंबाची तोटी उघडून दिली. सगळं गरम पाणी मोरीतून वाहून परसात गेलं.

आई पारोशी गेली. रोह्यात अजून कुणीकुणी म्हणतं, मास्तरीणबाईंनी सख्ख्या आईला आंघोळसुद्धा घातली नाही. नाही घातली. तिला जिथे जायचं होतं तिथे तसंच जावं लागतं.